वुझेन एका दिवसात होईल का?

एका काकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलाकडे शांघायला जाणार आहोत. कालव्यांचं जुनं गाव म्हणून वुझेनचं नाव ऐकलं आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का? ट्रेन, तिकीट, पैसे हे सगळं कसं जमवायचं? आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, बायकोचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी आहोत.

माझी नोकरी अकरा वर्षं सुझौला होती, कापड विणायच्या यंत्रांच्या धंद्यात. सुझौ, हांगझौ आणि शांघाय यांच्या मधल्या सपाट, पाणथळ मुलखात अशी कालव्यांवरची गावं विखुरलेली आहेत. भारतातून आलेले पाहुणे, त्यांचे आईवडील, साहेबांचे सासूसासरे, सगळ्यांना तिथे फिरवून आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. वुझेनला किती वेळा गेलो ते मोजणं मी कधीच सोडून दिलं.

एका दिवसात होईल. पण तुम्ही तसं करू नका, एक रात्र तिथे मुक्काम करा. त्याची कारणं पुढे येतीलच. त्याआधी तारखांचं बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे.

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या दिवसापासून आठवडाभर अख्ख्या देशाला सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो. गणपतीच्या आदल्या दिवशीचं दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा आणि ते दोन मीटर रुंदीच्या दगडी गल्लीत बसवा. मी एकदा ३ ऑक्टोबरला पाहुणे घेऊन गेलो होतो. पुलावर चढलो ते स्वतःच्या पायांनी, उतरलो ते मागच्यांच्या रेट्याने. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेणं हा शुद्ध अत्याचार आहे. पहिला आठवडा शांघायमध्ये मुलाच्या घरी आरामात घालवा आणि वुझेन दहा तारखेच्या पुढे टाका, तेही सोमवार ते गुरुवारात. आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. ऑक्टोबरात तिथे २०१३ पासून नाट्यमहोत्सव भरतो, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. आणि २०१४ पासून जागतिक इंटरनेट परिषद वुझेनलाच होते, सहसा नोव्हेंबरात. त्या दिवसांत शीझा भागात पर्यटकांना मोकळेपणी फिरता येत नाही. मुलाला दोन्हींच्या यंदाच्या तारखा बघायला सांगा.

शीझा म्हणजे काय, ते आता सांगतो. वुझेन पाहताना माणसं चुकतात ती इथेच.

वुझेन हे झेजियांग प्रांतातल्या ज्याशिंग जिल्ह्यात, तोंगश्यांग शहराच्या हद्दीत येतं. शांघायहून साधारण १४० किलोमीटर, हांगझौहून ८०. गावातून वाहणाऱ्या नदीच्या पश्चिमेला वू नावाचं गाव होतं आणि पूर्वेला छिंग नावाचं. १९५० साली दोन्ही मिळून एक झाली. कालवे अधिक चिन्हासारखे एकमेकांना छेदतात आणि त्यामुळे वस्तीचे चार हात पडतात. त्या प्रत्येक हाताला ‘झा’ म्हणतात. पाण्यातून गावात शिरायच्या तोंडाशी पूर्वी लाकडी अडसर असायचे, त्यावरून हे नाव पडलं. तुमच्या कामाचे दोनच: पूर्वेचा दोंगझा आणि पश्चिमेचा शीझा. दोंगझा २००१ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला, शीझा २००७ मध्ये. दोघांचे दरवाजे वेगळे, तिकिटं वेगळी, आणि मधलं अंतर सामान घेऊन चालण्याजोगं नाही.

माझ्या पहिल्याच खेपेला मी टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वुझेन’ म्हणालो. त्याने बिचाऱ्याने दोंगझाच्या दारात उतरवलं. मुक्काम शीझात. बरोबर एका सहकाऱ्याचे आईवडील, तीन बॅगा आणि पाऊस. तेव्हापासून मी राहायच्या जागेचं नाव चिनी अक्षरांत मोबाइलवर मोठं करून ठेवतो आणि ते दाखवल्याशिवाय गाडीत बसत नाही. तुम्हीही तेच करा. उच्चाराच्या भरवशावर राहू नका. आपल्या तोंडून ‘शी’ आणि ‘सी’ त्यांना सारखंच ऐकू येतं.

आता प्रवास. शांघायचं होंगछ्याओ रेल्वे स्थानक त्याच नावाच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलला लागूनच आहे आणि मेट्रोच्या २, १० आणि १७ क्रमांकाच्या मार्गिका तिथे येतात. तिथून हांगझौकडे जाणारी वेगवान गाडी पकडायची आणि तोंगश्यांगला उतरायचं. हा मार्ग २०१० मध्ये सुरू झाला. गाडीनुसार अर्धा ते पाऊण तास लागतो, सेकंड क्लासचं भाडं पन्नास-साठ युआनच्या घरात. एका युआनचे साधारण बारा रुपये धरा. सगळ्या गाड्या तोंगश्यांगला थांबत नाहीत, म्हणून शोधताना हांगझौ टाकू नका, तोंगश्यांगच टाका.

तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या ॲपवर काढायचं. त्याचं नावच १२३०६ आहे. साधारण पंधरा दिवस आधी विक्री उघडते. तिकीट पासपोर्टवर असतं, कागद मिळत नाही. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं भरा. वडिलांचं नाव एकदा घातलं आणि एकदा गाळलं की फाटकावर अडकलात. स्थानकात शिरताना सामानाची तपासणी होते आणि गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी फलाटाचं फाटक बंद होतं. आपल्याकडे सुटलेली गाडी धावत पकडता येते, तिथे गाडी समोर उभी दिसत असते आणि तुम्ही काचेच्या अलीकडे. होंगछ्याओचं प्रतीक्षागृह एखाद्या विमानतळाएवढं आहे. घरून निघताना पाऊण तास पदरचा जास्त धरा आणि काकूंना शेवटच्या क्षणी पळवू नका.

तोंगश्यांगचं वेगवान गाड्यांचं स्थानक शहराच्या दक्षिणेला आहे आणि वुझेन उत्तरेला. के२८२ नावाची बस स्थानकासमोरूनच वुझेनला जाते. अतिशय स्वस्त, पण वाटेत थांबत थांबत तासभर घेते. तुम्ही दोघं-तिघं असाल तर सरळ टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी करा, ती निम्म्या वेळात पोचवते. बाहेर पडल्या पडल्या अंगावर येणाऱ्या माणसांच्या मागे मात्र जाऊ नका. एकदा असाच एक जण ‘स्वस्तात तिकीट’ म्हणत आम्हाला वाटेतल्या कुठल्याशा दुकानात घेऊन गेला, आणि तिथून सुटायला वीस मिनिटं आणि माझं सगळं चिनी खर्ची पडलं.

पैशांचं आधीच उरकून घ्या. तिथे रोख चालते, पण सुट्टे द्यायला दुकानदार कंटाळतात. सगळा व्यवहार मोबाइलवर. पैसे द्यायला तिथे वीचॅट आणि अलीपे ही दोन ॲपं चालतात. वीचॅट भारतात २०२० पासून बंद आहे, तेव्हा अलीपे घ्या; जमलं तर इथूनच, नाहीतर शांघायला पोचल्यावर मुलाकडून लावून घ्या. त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. बँकेकडून कार्डावर परदेशातला वापर सुरू करून घ्या आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येणार. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्यावरच्या प्रत्येक खरेदीला तीन टक्के लागतात. रोमिंगचा आणखी एक फायदा असा की व्हॉट्सॲप आणि गूगल चालू राहतात. तिथल्या वायफायवर ती बंद असतात. तरी नकाशासाठी गूगल वापरू नका, तो रस्ता सोडून तुम्हाला कालव्यात उभं दाखवतो. तिथल्याच आमॅपचा इंग्रजी पर्याय घ्या.

व्हिसाबद्दल एकच सांगतो. २४० तास बिनव्हिसा राहता येतं असे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. ती सवलत भारतीय पासपोर्टला नाही. मुलगा तिथे नोकरीला असेल तर आईवडिलांसाठीचा एस२ व्हिसा असतो. त्याची कागदपत्रं त्यालाच पाठवायला सांगा.

आता मुक्कामाचं. शीझात आत शिरायला दरडोई १५० युआन लागतात, दोंगझाला ११०, दोन्हींचं मिळून १९०. ज्येष्ठांना सवलत मिळते का ते खिडकीवर पासपोर्ट दाखवून विचारा, मिळाली तर चांगलंच. शीझाच्या आत राहणाऱ्यांचा फायदा असा की एका तिकिटावर मुक्कामभर हवं तेव्हा आत-बाहेर करता येतं. दारातल्या कचेरीतच खोलीची नोंद होते, आणि तिथून नाव किंवा बॅटरीवरची गाडी आत सोडते. चीनमधली बरीच छोटी घरगुती लॉजं परदेशी पासपोर्ट पाहिला की हात वर करतात. शीझात ती अडचण नाही, कारण तिथली सगळी घरं एकाच कंपनीच्या ताब्यात आहेत.

याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. शीझातली मूळची बरीच माणसं बाहेर हलवली गेली. मग घरं दुरुस्त झाली, तारा आणि नळ जमिनीखाली गेले, आणि काही स्थानिक कुटुंबांना ‘घरमालक’ म्हणून परत आणून बसवलं गेलं. घर मात्र त्यांचं नाही. या साऱ्यामागे चेन श्यांगहोंग हा वुझेनचाच माणूस होता. काही जण त्याला गावाचा तारणहार मानतात, काही म्हणतात त्याने गावाचं नेपथ्य केलं. मला दोन्ही पटतं. दगड खरे, लाकूड बरंचसं खरं, पण वाळत घातलेल्या साड्यांशिवाय चाळ कशी दिसेल, तसं काहीसं दिवसा वाटतं. हे मनात ठेवून गेलात तर हिरमोड होणार नाही.

म्हणूनच मी रात्रीचा आणि पहाटेचा आग्रह धरतो. ऑक्टोबरात तिथे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. दिवे लागले की शीझाचं पाणी सोनेरी होतं आणि सगळे सहलवाले तेच बघायला थांबतात, त्यामुळे सात ते नऊ ही गर्दीची वेळ. त्या वेळात जेवून घ्या. दहाच्या सुमाराला बाहेरची माणसं निघून जातात. मग गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. आणि सकाळी सहाला, खोलीचं दार उघडलं की पाण्यावर धुकं, एखादा सफाईवाला लांब दांड्याच्या जाळीने पानं गोळा करत नावेतून जाताना. माझ्या पाहुण्यांपैकी जे जे राहिले त्यांना ही सकाळच आठवते. दिवसा काय पाहिलं ते फोटो काढून सांगावं लागतं.

खोली घेताना पाण्याच्या बाजूची मागा, पण आधी तळमजला आहे का ते विचारा. वरच्या मजल्यांना लाकडी जिने असतात, आपल्या वाड्यांतल्या माडीसारखे उभे. या घरांना ‘श्वेइग’ म्हणतात, म्हणजे पाण्यावरची माडी. पुढचा भाग गल्लीवर, मागचा भाग कालव्यात रोवलेल्या दगडी किंवा लाकडी खांबांवर. मागचं दार उघडलं की खाली पाणी. पूर्वी तिथूनच बादली सोडून पाणी काढायचे. डासांचं मलम बरोबर ठेवा.

शीझाचा मुख्य रस्ता पूर्व-पश्चिम, जवळपास दोन किलोमीटरचा आणि सपाट आहे. पाय दमवतात ते पूल. नावा खालून जाव्यात म्हणून ते कमानीचे आणि उंच, दोन्ही बाजूंना दगडी पायऱ्या, आणि पाऊस पडला की शेवाळाने निसरड्या. गावात बहात्तर पूल आहेत असं सांगतात. काकूंना त्यातले दोन दाखवा. पश्चिम टोकाला पांढऱ्या कमळाच्या नावाचा पॅगोडा आहे, त्याच्याजवळ तोंगजी आणि रेनजी हे दोन पूल एकमेकांना काटकोनात उभे आहेत. एकाच्या कमानीतून दुसरा पूर्ण दिसतो, म्हणून त्यांना ‘पुलातला पूल’ म्हणतात. ते चढून बघायचं कारण नाही, काठावरून किंवा नावेतूनच चांगलं दिसतं. जाताना बाहेरच्या कडेने फिरणारी बॅटरीची गाडी धरा आणि परत येताना हाताने वल्हवायची नाव करा. नाव माणशी मिळते किंवा अख्खी. दर धक्क्यावर लिहिलेले असतात, ठरवूनच बसा. दुपारच्या नावेपेक्षा संध्याकाळी पाचची चांगली.

वाटेत रंगाऱ्याचं अंगण लागेल, तिथे मात्र थांबा. उंच बांबूंवरून निळ्या-पांढऱ्या कापडाचे पट्टे खाली सोडलेले असतात. सगळे त्यांच्यापुढे फोटो काढून निघून जातात, कापडाकडे कोणी बघत नाही. तेल पाजलेल्या कागदाचा ठसा कोरायचा, तो कापडावर ठेवून वरून सोयाबीनचं पीठ आणि चुन्याची खळ लावायची, ती वाळली की कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवायचं. शेवटी खळ खरवडून काढली की तिच्याखालचं पांढरं तसंच राहिलेलं असतं. मी धंद्यातला असल्यामुळे मला यात जास्त रस, हे कबूल. पण घरी न्यायला तिथून काही घ्यायचं असेल तर रेशमाच्या नावाखाली काय विकतात त्या भानगडीत न पडता या निळ्या कापडाचा एक रुमाल घ्या. उलट्या बाजूने बघा: यंत्रावर छापलेलं असेल तर मागे रंग फिका दिसतो, हौदात बुडवलेल्याचा निळा रंग दोन्हीकडे सारखाच मुरतो.

दोंगझाला जावं का? माओ दुन हे चिनी लेखक (१८९६–१९८१) तिथले. त्यांचं राहतं घर बघायला मिळतं. मरताना त्यांनी अडीच लाख युआन ठेवले, त्यातून चीनचा सर्वांत मानाचा कादंबरीचा पुरस्कार सुरू झाला. वाचनाची आवड असेल तर दुसऱ्या दिवशी तासभर जा. नसेल तर ११० युआन वाचवा. तो भाग अरुंद आहे आणि सकाळी दहानंतर शिट्ट्या आणि झेंडे घेतलेल्या टोळ्यांनी भरतो. त्यापेक्षा शीझातलंच मू शिन या चित्रकार-लेखकाचं संग्रहालय बघा. २०१५ मध्ये उघडलं, पाण्यावर उभं आहे, आत शांतता, बसायला बाकं, आणि काकूंच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे सपाट जमीन.

जेवणाबद्दल खरं तेच सांगतो: शाकाहाऱ्याचे तिथे हाल होत नाहीत, फसवणूक होते, आणि तीही कोणी मुद्दाम करत नाही. भाजी मागितली तर भाजीच येते, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते किंवा वर ऑयस्टर सॉस असतो. ‘मांस नको’ म्हटलं की त्यांच्या मते विषय संपतो. म्हणून मोबाइलवर चिनीत लिहून ठेवा: मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस, मांसाचं पाणी, काहीही नको, फक्त वनस्पती तेल. मुलाकडून लिहून घ्या, भाषांतराच्या ॲपवर सोडू नका. तुम्ही ज्या घरात उतराल त्याची घरमालकीण खाली एकदोन टेबलं मांडून स्वयंपाक करते. तिला संध्याकाळी चार वाजताच ते दाखवा. टोफू, हिरव्या पालेभाज्या, वांगं, बटाट्याचा कीस आणि भात ती तुमच्यासमोर करून देईल. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं सगळीकडे मिळतं. रस्त्यावर उकडलेलं कणीस, रताळं बिनधास्त खा. गुलाबीसर रंगाचा, आत घेवड्याचं गोड सारण घातलेला तांदळाचा वाफवलेला केक मिळतो, दिंगशेंग नावाचा. आपल्या मोदकाची लांबची बहीण म्हणा, फक्त नारळ नाही. सारण कशात परतलंय ते तेवढं विचारून घ्या. ‘नणंद-भावजय’ नावाची खमंग वडी मात्र सोडा, तिच्यात डुकराची चरबी असते. पानात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणही नको, ज्याशिंगचा तो प्रसिद्ध आहे तो आतल्या डुकराच्या मांसासाठीच. चहात पांढऱ्या शेवंतीचा चहा प्या. नावात हांगझौ असलं तरी ती फुलं पिकतात याच तोंगश्यांगमध्ये, आणि तुम्ही जाल तेव्हा तोडणीचा हंगाम तोंडावर आलेला असेल. घरचा चिवडा आणि दशम्या न्यायच्या असतील तर न्या, आम्हीही नेतच होतो.

एवढं करूनही तारखा जमल्याच नाहीत आणि हाताशी एकच दिवस राहिला, तर वुझेनचा हट्ट सोडा. शांघायच्या हद्दीतच झुज्याज्याओ आहे. होंगछ्याओहून मेट्रोची १७ क्रमांकाची मार्गिका थेट तिथे जाते, गाडी बदलायची नाही, गल्लीबोळात हिंडायला तिकीट नाही. १५७१ सालचा पाच कमानींचा मोठा पूल तिथे आहे. गाव लहान, गजबजलेलं, पण दमलात तर तासाभरात घरी. आणि पुढच्या खेपेला, सवडीने यायचं झालं तर नानशुन. रेशमाच्या व्यापारावर गबर झालेलं गाव, २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या महाकालव्याचा भाग, आणि अजून कालव्याच्या काठी म्हातारी माणसं भाजी निवडत बसलेली दिसतात. डिसेंबर २०२४ मध्ये शांघायहून हूझौला जाणारी वेगवान रेल्वे सुरू झाली, तिचं स्थानकही तिथे आहे. मला विचाराल तर वुझेनहून मला नानशुनच आवडतं. पण आत राहायची सोय, बॅटरीची गाडी, स्वच्छ संडास आणि दर पन्नास पावलांवर बाक हे सगळं एकत्र वुझेनलाच मिळतं, आणि काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता पहिली खेप तिथेच करा.

परतीचं तिकीट दुपारी दोनच्या आधीचं काढू नका. सकाळी सहाला उठून फिरून आलात की नाश्ता होईल आणि नऊपासून गर्दी वाढायला लागेल. मग संग्रहालयात बसा, अकराला खोली सोडा, गाडी दारातल्या कचेरीपाशीच बोलवा. स्थानकापर्यंतचा पाऊण तास आणि फाटकासाठी अर्धा तास हाताशी ठेवला की मधे कुठे जिन्याने धावायची वेळ येत नाही.